तापीला टर्बाइन नको, पंप हवा

जलविद्युत प्रकल्पांना राज्यात पुन्हा चांगले दिवस आले आहेत. जून 2023 मध्ये राज्य सरकारने एनएचपीसी आणि टोरेंट पॉवर या कंपन्यांशी 13,050 मेगावॉटच्या उदंचन (पंप्ड स्टोरेज) प्रकल्पांसाठी सामंजस्य करार केले. त्यांतली अपेक्षित गुंतवणूक 71 हजार कोटींची सांगितली गेली. वर्षअखेरीस उदंचन जलविद्युतीचे स्वतंत्र धोरणही आले. प्रकल्पांच्या जागा पाहिल्या तर बहुतेक सह्याद्रीच्या घाटातल्या आहेत. मग आमच्या वाट्याला काय, हा जळगाव-धुळ्यातला प्रश्न रास्तच आहे. तापी, गिरणा, पांझरा या नद्या असताना वीजगुंतवणूक खानदेशाला वळसा घालून का जाते, असे विचारण्याचा हक्क इथल्या लोकांना आहेच. फक्त उत्तर शोधायची दिशा बदलावी लागेल. पाण्याच्या आणि विजेच्या गुंतवणुकीला खानदेशात मोठा वाव आहे, पण तो पाणी खाली सोडून वीज काढण्यात नाही. वीज लावून पाणी वर चढवण्यात आहे.

हे आकडेमोडीवरूनच दिसते. पाण्यापासून किती वीज मिळणार हे दोन गोष्टी ठरवतात: पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते. कोयनेचे पाणी सह्याद्री ओलांडून पोफळीकडे उतरताना जवळपास पावणेपाचशे मीटर कोसळते. एक टीएमसी पाणी एवढ्या उंचीवरून आले की यंत्रांतली घट वजा जाता सुमारे तीन कोटी युनिट वीज हाती लागते. तेवढेच पाणी तापीवरच्या एखाद्या बॅरेजमधून दहा मीटर खाली सोडले तर साडेसहा लाख युनिटच्या आसपास मिळतात, म्हणजे जेमतेम पन्नासावा हिस्सा. हतनूर धरणाची पूर्ण संचय पातळी 214 मीटर आणि खाली गुजरातेत उकाईची सुमारे 105 मीटर. मधल्या अडीचशेहून अधिक किलोमीटरच्या प्रवाहात नदी जेमतेम 110 मीटर उतरते. त्यातही पाणी येते ते पावसाळ्यात, आणि एकदम येते. हतनूरचे 41 दरवाजे उघडले की पूर भुसावळ, चोपडा, शिरपूर करत उकाईत जातो आणि उन्हाळ्यात त्याच पात्रात वाळूचे पट्टे उघडे पडतात. धरणांच्या पायथ्याशी छोटी जनित्रे बसवायला हरकत नाही. मात्र ती जोडकमाई आहे, तिच्यावर प्रदेशाचे अर्थकारण उभे राहत नाही.

उकाईला जमते तर आपल्याला का नाही, असे कोणी विचारेल. 1972 साली पूर्ण झालेल्या उकाईवर 300 मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे आणि त्याला लागणारे पाणी बऱ्याच अंशी खानदेशातूनच जाते. परंतु त्या धरणाचा जलाशय सुमारे 600 चौरस किलोमीटरवर पसरला आहे. तेवढी जमीन रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात किंवा शिंदखेड्याच्या काळ्या कापूसजमिनीत बुडवायची म्हटले तर कोण तयार होईल? सपाट खोऱ्यात उंची मिळवायची तर किंमत जमिनीत मोजावी लागते, आणि इथली जमीन तिच्यातून निघू शकणाऱ्या विजेपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

आता हेच गणित उलट बाजूने मांडू. एक टीएमसी पाणी शंभर मीटर वर उचलायला पंपांची कार्यक्षमता धरून साधारण एक कोटी युनिट वीज लागते. युनिटला तीन रुपये धरले तर तीन कोटी रुपये. एवढ्या पाण्यात पाच हजार हेक्टरच्या आसपास भिजते असे मानले, तर विजेचा खर्च हेक्टरी सहा हजार, म्हणजे एकरी अडीच हजारांच्या आत. कूपनलिकेचे पाणी दरवर्षी आणखी खोल जात असताना खानदेशातला बागायतदार पाण्यावर काय खर्च करतो, ते त्याला विचारावे. अर्थात सगळे गणित त्या तीन रुपयांवर उभे आहे, आणि तिथेच खानदेशाची खरी ताकद आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर देशातल्या मोठ्या पवनऊर्जा केंद्रांपैकी एक उभे आहे, आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प. महाराष्ट्रात पवनचक्क्या वर्षातली सर्वाधिक वीज देतात ती जून ते सप्टेंबरमध्ये, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर. तापीला पूर येतो तेही याच महिन्यांत. पाणी उचलायची वेळ आणि वारा सुटायची वेळ एकच असावी, असे भाग्य फार थोड्या प्रदेशांना लाभते. धुळे आणि शिंदखेडा तालुक्यांसाठीची सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजना नेमके पुराचे पाणी उचलण्यासाठीच आखलेली आहे. तिची पायाभरणी फेब्रुवारी 2019 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यात झाली. तिची वीज मात्र महावितरणच्या चालू दराने घ्यायची की शेजारच्या पठारावरच्या वाऱ्याची घ्यायची, यावर ती जगणार की नाही हे ठरेल.

उपसा योजना म्हणजे पांढरा हत्ती, हा आक्षेप खोटा नाही. तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा येथे बॅरेज झाले, पाणी अडले. पण काठावरच्या सहकारी उपसा योजना बंद पडलेल्या असल्याने ते पाणी वर्षानुवर्षे शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर नुसते उभे राहिले. कृष्णा खोऱ्यात टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांची बिले थकायची, वीज तोडली जायची आणि आवर्तन चुकायचे. शेवटी बिलाचा 81 टक्के भार सरकारने उचलला आणि 19 टक्के शेतकऱ्यांवर राहिला. या अनुभवाचा धडा विजेच्या दराबद्दल आहे. म्हैसाळसाठी सरकारने जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून सौर प्रकल्प हाती घेतला, तो हे ओळखूनच. कृष्णाकाठाला हे शहाणपण योजना थकल्यावर आले. तापीकाठाला ते योजना सुरू होण्याआधीच वापरता येईल.

दुसरा आक्षेप तंत्राचा आहे. साठवणूकच करायची तर घाटघरसारखा उदंचन प्रकल्प किंवा आता स्वस्त होत चाललेल्या बॅटऱ्या बऱ्या नव्हेत का? शहरांच्या संध्याकाळच्या मागणीसाठी त्या बऱ्याच. पण उदंचनात पाणी वर नेऊन पुन्हा खाली आणताना वीस ते पंचवीस टक्के वीज खर्ची पडते, आणि बॅटरी वीज सांभाळते ती काही तासांपुरती. शेतकऱ्याला शेवटी वीज नको असते, पाणी हवे असते. ऑगस्टमधल्या वाऱ्याने जामफळच्या जलाशयात चढवलेले पाणी बाष्पीभवन वजा जाऊन रब्बीपर्यंत पुरते. शिवाय हे पंप वारा जास्त असताना चालवता आणि संध्याकाळी मागणी चढली की थांबवता येतात, म्हणजे ग्रीडलाही त्यांचा आधारच होईल.

सगळ्यात गंभीर प्रश्न जमिनीचा आहे, आणि त्याला बगल देऊन इथे कोणतीही गुंतवणूक टिकणार नाही. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के. त्यासाठी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली 33 गावे बुडिताखाली आली. ती वीज राज्याच्या ग्रीडला मिळाली, अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांच्या हिशेबात आला तो बुडीत. धडगाव तालुक्यातल्या बिलगावात 2003 साली आदिवासींनी केरळमधल्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने, स्वतःच्या श्रमदानातून उदई नदीवर 15 किलोवॉटचे छोटे केंद्र उभारले आणि पाड्यांवर दिवे लावले; 2006 च्या पावसाळ्यात धरणाच्या फुगवट्याने ते गिळले. दोंडाईच्याच्या वीज प्रकल्पात जमीन गेलेले विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी मोबदल्यासाठी 22 जानेवारी 2018 रोजी मंत्रालयात विष घेतले आणि 28 तारखेला त्यांचा मृत्यू झाला. सौर प्रकल्पही स्वच्छ म्हणून आपोआप न्याय्य ठरत नाही, हे धुळे जिल्ह्याला कोणी सांगायची गरज नाही.

जमीन देणाऱ्यांसाठी प्रकल्पात वाटा मागितला तर गुंतवणूकदार दुसरीकडे जातील, अशी भीती यावर घातली जाते. पण वर्षानुवर्षे लटकलेले भूसंपादन कोणत्याही वाट्यापेक्षा महाग पडते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन संपादित न करता हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाड्याने आणि दरवर्षी तीन टक्के वाढीने घेता येते. जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. नेपाळसारख्या देशातही जलविद्युत कंपन्यांचे दहा टक्के समभाग प्रकल्पबाधितांसाठी राखीव असतात, तरीही तिथे खासगी भांडवल येतच राहिले. समभागांत धोका असतो, म्हणून इथे निश्चित भाडे आणि पाण्याचा हक्क हे जास्त शहाणपणाचे. सामायिक व्यवस्था खानदेशाला नवी नाही. पांझरेवरच्या फड पद्धतीत गावच पाण्याचे वाटप ठरवत असे, पाटकरी आणि जागल्या नेमत असे, आणि पाणी कमी पडले तर सगळ्यांचेच क्षेत्र कमी होत असे.

तेव्हा खानदेशच्या लोकप्रतिनिधींनी मागायला हवे ते उदंचन प्रकल्पांच्या यादीत नाव नव्हे. तापी पाटबंधारे विकास महामंडळाने प्रत्येक उपसा योजनेची निविदा काढताना तिच्या विजेसाठी पवन-सौर करार त्याच निविदेत बांधावा, त्यासाठी जमीन भाड्यानेच घ्यावी, आणि जमीन देणाऱ्या गावाचा पाण्यावरचा पहिला हक्क करारात लिहून द्यावा. या तीन अटी मान्य करणारा गुंतवणूकदार आला तर त्याचे स्वागत करावे. ज्याला त्या जड वाटतील, त्याचा प्रकल्प इथे उभा राहिला तरी चालणार नाही.