पुलाखालचे पाणी

‘आता पुलाखालून पुष्कळ पाणी वाहून गेले आहे’ हे वाक्य आपल्या सार्वजनिक जीवनात फार सोयीचे होऊन बसले आहे. दिलेल्या शब्दाची कोणी आठवण करून दिली की पुढारी ते म्हणतो. जुन्या फायलीविषयी विचारले की अधिकारीही तेच म्हणतो. वाक्प्रचार इंग्रजीतून उसना घेतलेला. परिस्थिती कायमची पालटली, आता मागे जाणे नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘म्हणून जाब विचारू नका’ हे शेपूट आपण जोडले.

पुणेकरांनी तरी तो जपून वापरावा, असे आम्हांस वाटते. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरील पानशेतचे धरण फुटले आणि तो लोंढा न पेलून खडकवासल्याचे जुने दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. मुठेचे पाणी त्या दिवशी पुलाखालून गेले नाही. ते पुलांवरून गेले. नदीकाठच्या पेठांतील वाडे कोसळले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती झाल्या आणि वाड्याच्या चौकात वाढलेली कुटुंबे तेथे नव्याने संसार मांडू लागली. ‘पुराआधी’ आणि ‘पुरानंतर’ अशी कालगणनाच जुन्या पिढीच्या तोंडी बसली. पालट म्हणावयाचा तर तो हा.

परंतु नदीशी वागण्याच्या आमच्या रीतीत काय पालटले? पानशेत व खडकवासला ही दोन्ही धरणे पुन्हा उभी राहिली. शहर मात्र पात्राकडे सरकतच गेले. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांत पाणी शिरले. वेळेवर सूचना मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. लोकांना वेळीच सावध केले नाही, हाच आरोप १९६१ सालीही झाला होता! मधल्या 63 वर्षांत पुलाखालून पुष्कळ पाणी गेले हे खरेच. पण ते किती क्युसेक, हेही सांगता आले पाहिजे.

पूररेषा नकाशांवर आहेत. त्या वस्त्यांतील भिंतींवर ठळक रंगवाव्यात, आणि खडकवासल्यातून किती पाणी सुटले म्हणजे कोणत्या गल्लीत किती चढते, हे तेथील माणसास पावसाळ्यापूर्वीच कळवावे. पाटबंधारे खाते व महापालिका यांनी हे काम आपसांत वाटून घ्यावे आणि कोणाकडे कोणते, ते जाहीर करावे.