बाल्कनीतला माणूस
बापलेक आणि गाढवाची गोष्ट आमच्या पिपरी मेघेतल्या लहान पोरांनाही ठाऊक असते. बघणारे नावे ठेवत जातात, गाढवावरचा स्वार बदलत जातो, समाधान कुणाचेच होत नाही. मुंबईत १९३४ साली जन्मलेल्या, बडोद्यात हिशेबनिसाची नोकरी करत चित्रे काढणाऱ्या भूपेन खख्खर यांनी १९८१ मध्ये हीच गोष्ट रंगवली. बाल्कनीत पाठमोरा, विवस्त्र उभा राहून ती पाहणारा माणूस म्हणजे ते स्वतः. आपले पुरुषांवरचे प्रेम त्यांनी या चित्रातून उघडपणे मांडले. आज हे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असे आपण मुलांना शिकवतो. उद्या आपले मूल खरोखर तसे वागले, तर आपण त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.