मोडक्या घरांचे गाव

घर दुरुस्तीला काढायचे ठरले की घरात महिनाभर चर्चा चालते. स्वयंपाकघराचा ओटा कोणत्या दगडाचा, न्हाणीघराच्या फरशीचा रंग कोणता, जुनी खिडकी मोठी करायची की तशीच ठेवायची, यावर सासू-सुनेपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे मत देतात. गवंडी, सुतार, नळकाम करणारा अशा सगळ्यांचे भाव ठरतात. पण उखडलेली फरशी आणि पाडलेली भिंत जाणार कुठे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पहिल्या दिवशी घणाचे घाव पडतात आणि संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी गोण्यांची रास उभी राहते. शेजारी नाक मुरडतात, सोसायटीचे सेक्रेटरी येऊन तंबी देतात. मग एखादा टेम्पोवाला शोधला जातो. रात्री तो गोण्या घेऊन निघून जातो आणि सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. टेम्पो कुठे रिकामा झाला, हे कोणी विचारत नाही.

या ढिगाला पुण्यात राडारोडा म्हणतात, मुंबईत डेब्रिज आणि उत्तरेत मलबा. नाव कोणतेही असो, त्याचा आकार मात्र भल्याभल्यांना चकवतो. दहा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी साडेचार इंची विटांची एक साधी भिंत घ्या. गिलाव्यासह ती पाडली की दोन टनांहून अधिक वजनाचा माल खाली येतो. पडल्यावर तो सैल होऊन फुगतो आणि पाऊण ब्रासच्या आसपास जागा अडवतो. एका माणसाला उचलता येतील अशा गोण्या भरल्या तर ऐंशी-नव्वद होतात. एका भिंतीची ही गत, तर सगळ्या घराचे काय?

अमेरिकेत अशा वेळी लोखंडी पेटारा भाड्याने आणून दारात ठेवतात. त्याला ‘डंपस्टर’ म्हणतात. टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल गावच्या डेम्पस्टर बंधूंनी १९३० च्या दशकात गाडीवर यंत्राने उचलून रिकामा करता येणारा पेटारा तयार केला आणि त्यांच्या आडनावावरूनच हा शब्द रूढ झाला. पेटारा भरला की गाडी येऊन तो घेऊन जाते. सोय मोठी आहे, पण पेटारा नजरेआड झाला म्हणजे आतला माल नाहीसा झाला, असे तिथेही होत नाही. तो कुठे तरी जाऊन पडतोच.

तो कुठे जाऊ शकतो, याचे एक विलक्षण उत्तर आपल्याच देशात चंदीगढ शहरात उभे आहे.

फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाबला नवी राजधानी हवी झाली. फ्रेंच वास्तुशिल्पी ल कार्बुझिए यांच्या आराखड्यानुसार १९५० च्या दशकात शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी सरळ रस्त्यांचे, चौकोनी सेक्टरांचे शहर आकाराला येऊ लागले. पण ती जमीन ओसाड नव्हती. शहरासाठी वीसहून अधिक खेडी उठवली गेली. घरे पडली, चुली मोडल्या, माठ-रांजण, कपबश्या, कौले आणि विटा यांचे ढीग जागोजागी साचले.

याच शहरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नेकचंद सैनी नावाचे एक रस्ते-निरीक्षक नोकरीला होते. त्यांचा जन्म १९२४ साली शकरगढ तालुक्यातल्या एका खेड्यात झाला. फाळणीत ते खेडे पाकिस्तानात गेले आणि तरुण नेकचंदांना घरदार सोडून इकडे यावे लागले. मोडलेले घर म्हणजे काय, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नव्हती.

१९५७ च्या सुमारास नोकरीची वेळ संपली की हे गृहस्थ सायकल काढत आणि मोडलेल्या गावांतले तुकडे, नदीनाल्यांतले चित्रविचित्र आकाराचे दगड गोळा करत हिंडत. सुखना तलावाजवळच्या झाडीत बांधकामाला मनाई असलेली सरकारी जागा होती. तिथे थोडी झाडी साफ करून त्यांनी हा माल साठवायला सुरुवात केली. मग त्यातून माणसे, प्राणी, पक्षी घडू लागले. मूर्तीच्या पोटात मोडक्या सायकलीचा सांगाडा, त्यावर सिमेंट आणि वरून फुटक्या बांगड्यांचा किंवा चिनी मातीच्या तुकड्यांचा साज. फुटलेली वॉश बेसिन, संडासाची भांडी, विजेची सॉकेट, भट्टीत जळून काळवंडलेल्या विटा, लोखंडाच्या कारखान्यातला मळ यांतले काहीच त्यांनी टाकाऊ मानले नाही. हे सगळे गुपचूप चालले होते, कारण जागा सरकारची आणि परवानगी कुणाचीच नाही.

तब्बल अठरा वर्षांनी, १९७५ च्या सुमारास, सरकारी माणसांना या जागेचा पत्ता लागला. तोवर तिथे बारा-तेरा एकरांत अंगणामागून अंगणे आणि शेकडो मूर्ती उभ्या राहिल्या होत्या. नियमावर बोट ठेवले असते तर सगळे जमीनदोस्त करावे लागले असते आणि नेकचंदांची नोकरीही गेली असती. पण लोकांनी ते काम पाहिले आणि जनमत त्यांच्या बाजूने झाले. १९७६ मध्ये उद्यान सर्वांसाठी खुले झाले. नेकचंदांना पगारी पद आणि पन्नास मजूर मिळाले. शहरात टाकाऊ वस्तू जमा करण्याची केंद्रे उघडली. १९८३ मध्ये उद्यानाचे टपाल तिकीट निघाले आणि १९८४ मध्ये नेकचंदांना पद्मश्री मिळाली. पुढे हे ‘रॉक गार्डन’ सुमारे चाळीस एकरांवर पसरले.

संकटे मात्र सरली नाहीत. १९८९-९० च्या सुमारास रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा नागरिकांनी मानवी साखळी करून ते अडवले. १९९६ मध्ये नेकचंद परदेशी व्याख्यानांसाठी गेले असताना बागेत नासधूस झाली. १२ जून २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये शेजारच्या उच्च न्यायालयाकडील रस्ता आणि वाहनतळ वाढवण्यासाठी उद्यानाच्या भिंतीचा एक भाग पाडला गेला आणि नागरिकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. राडारोड्यातून उभ्या राहिलेल्या भिंतीचा पुन्हा राडारोडा झाला, ही गोष्ट अनेकांच्या जिव्हारी लागली.

प्रत्येकाला नेकचंद होता येत नाही आणि प्रत्येक अंगणात बाग उभी राहत नाही. पण त्यांच्या बागेत फिरताना एक गोष्ट कोणाच्याही ध्यानात येते. बांगड्यांच्या नर्तकी एका जागी, चिनी मातीच्या मूर्ती दुसऱ्या जागी. वस्तू वेगळी ठेवली की तिचा उपयोग सुचतो. सगळे एकत्र कालवले की उरतो तो निव्वळ ढिगारा.

घरच्या दुरुस्तीतही हेच सूत्र कामी येते. घण पडण्याआधी दारे, खिडक्या, गज, नळ आणि जुनी भांडी काढून बाजूला ठेवावीत. सागवानी चौकटीला जुन्या बाजारात चांगले मोल येते, लोखंड भंगारवाला आनंदाने नेतो. अखंड निघालेल्या विटा पायऱ्यांना किंवा बागेच्या कडेला लागतात. विटा-काँक्रीटचे तुकडे जोत्याच्या भरावात जिरतात. रंगाचे डबे आणि ट्यूबलाइट त्यात कधीही मिसळू नयेत. जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे असतील तर ते फोडू नयेत. त्यांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. पाडकामाआधी पाणी शिंपडले तर घरातल्या वृद्धांचा आणि शेजाऱ्यांचाही खोकला वाचतो.

उरलेला माल नाल्यात किंवा नदीकाठी ओतला तर त्याची किंमत पावसाळ्यात सगळ्या वस्तीला मोजावी लागते. पाण्याची वाट बुजते आणि ते घरात शिरते. म्हणूनच केंद्र सरकारने २०१६ मध्ये बांधकामाच्या राडारोड्यासाठी स्वतंत्र नियम केले आणि माल वेगळा ठेवण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावरच टाकली. २०२५ मध्ये नवे नियमही जाहीर झाले. दिल्लीत बुराडी येथे २००९ पासून राडारोडा दळून त्यातून पुन्हा बांधकामाचे साहित्य तयार होऊ लागले. चंदीगढच्या औद्योगिक वसाहतीतही असे केंद्र आहे. आपल्या गावी हा माल कुठे घेतला जातो, हे महापालिकेच्या विभाग कार्यालयात विचारले की समजते.

चंदीगढच्या त्या बागेत एखाद्या मूर्तीच्या झग्यावर निळ्या फुलाचा कपाचा तुकडा दिसतो. तो कुणाच्या तरी घरात सकाळच्या चहाचा कप होता. आपल्या घरातून निघणाऱ्या गोण्यांतही तसेच तुकडे असतात. तेव्हा पुढच्या वेळी गवंडी अंदाजपत्रक घेऊन आला की त्यात आणखी एक ओळ लिहून घ्यावी: राडारोडा कोण उचलणार, किती खेपांत आणि नेमका कुठे टाकणार. त्या ओळीचे पैसे वेगळे पडतील, पण टेम्पो रात्री नाल्याच्या दिशेने जाणार नाही.