काय उजेड पाडलास?

रात्री साडेनऊला मेस सुटल्यावर आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगपाशी पाच मिनिटं उभे राहून बघा. निम्म्या गाड्यांचे दिवे पांढरेशुभ्र, काही चक्क निळे, आणि समोरून चालत येणारा प्रत्येक जण डोळ्यांवर आडवा हात धरून येतोय! परवापरवापर्यंत त्या पांढऱ्या दिव्यांत एक माझाही होता. तेव्हा हा लेख उपदेश कमी आणि कबुलीजबाब जास्त आहे. पण त्याआधी एका गाडीची गोष्ट सांगावी लागेल.

माझा मावसभाऊ अमेरिकेत ओहायोत असतो. त्याच्याकडे 1992 ची माझदा मिआटा आहे. दोन सीटची, उघड्या टपाची, आणि मुख्य म्हणजे पॉप-अप दिव्यांची! बटण दाबलं की बॉनेटमधून दोन दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. ज्यांनी 'इनिशिअल डी' पाहिलंय त्यांना ट्रुएनो आठवेल, तोच प्रकार. या कल्पनेची सुरुवात 1936 च्या कॉर्ड 810 पासून झाली. त्यात मोटर नव्हती, डॅशबोर्डवरचे दोन दांडे हाताने फिरवून दिवे वर काढावे लागत. पुढे अमेरिकेत नियम झाला की हेडलाइट जमिनीपासून किमान 22 इंच वर हवा. स्पोर्ट्स कारला तर नाक खाली हवं. मग काय, दिवा झाकून ठेवा आणि लागेल तेव्हा वर काढा! नंतर दिव्यांच्या आकाराचे नियम सैल झाले, पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे कडक झाले, आणि 2004 मध्ये कॉर्व्हेट आणि लोटस एस्प्री यांच्याबरोबर पॉप-अपचा जमाना संपला.

दादाची तक्रार एकच होती. दिवे दिसतात झकास, पण रात्री रस्ता दिसत नाही. आत 7 इंची गोल सील्ड बीम, म्हणजे जुन्या जीपला असतो त्या मापाचा. मी व्हिडिओ कॉलवर ताबडतोब सल्ला दिला, "अरे दादा, एलईडी बल्ब बसतो अशी वाटी घे आणि टाक बल्ब. मी बाईकला टाकलाय, सातशे रुपयांत काम!"

दादा हसला. म्हणाला, "तू मेकॅनिकलला आहेस ना? बल्ब म्हणजे हेडलाइट नव्हे रे."

मग त्याने मला जे शिकवलं ते बारावीच्या ऑप्टिक्समध्येच होतं, मी फक्त मार्कांपुरतं वाचलं होतं. साध्या हेडलाइटची वाटी फिलामेंटची जागा आणि आकार धरून बनवलेली असते. एच-फोर बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते, ती खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही. तिथे एलईडी किंवा एचआयडी घातला की उजेड निघतो ती जागा बदलते, आकार बदलतो, आणि वाटीचं सगळं गणित कोलमडतं. प्रकाश वाढतो, पण तो जातो कुठेही. हॅलोजनच्या डिपरचा प्रकाश साधारण 1000 ल्यूमेन, 35 वॉटच्या एचआयडीचा 3200. म्हणजे तिप्पट उजेड, आणि त्याला लगाम नाही! अमेरिकेतसुद्धा हॅलोजनच्या दिव्यात बसवायची एचआयडी किट्स नियमात बसत नाहीत.

प्रोजेक्टरचा प्रकार वेगळा. त्यात लंबवर्तुळाकार आरसा असतो. एका नाभीवर बल्ब, दुसऱ्या नाभीपाशी आडवा पत्रा, आणि पुढे बहिर्गोल भिंग. भिंग चित्र उलटं पाडतं, म्हणून पत्रा खालून आडवा असला तरी कापला जातो तो वरचा प्रकाश. भिंतीवर टाकून बघा, सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते. रेघेखाली लख्ख, रेघेवर अंधार. दादाने हेच मिआटात बसवायचं ठरवलं. घरी बनवलेला दिवा कंपनीच्या दिव्यासारखा तपासून पास झालेला नसतो, हे तोही मान्य करतो. म्हणून त्याने मापांत कुठेही घाई केली नाही.

हिवाळ्याचे तीन महिने हे काम चाललं. वाटीची काच सोडवायला त्याने ती ओव्हनमध्ये गरम केली, त्यावर वहिनी आठवडाभर बोलत नव्हत्या. प्रोजेक्टर जपानी गाडीचे, जुने, स्वस्तात मिळाले. बसवून भिंतीवर पाहिलं तर रेघेची पायरी डावीकडे वर चढलेली! जपानमध्ये आपल्यासारखं डावीकडून चालवतात, त्यामुळे पायरी डावीकडे, फुटपाथ दिसावा म्हणून. अमेरिकेत तीच पायरी समोरच्याच्या डोळ्यांत. अख्खी जोडी बाजूला ठेवून त्याने दुसरी आणली. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. उजवीकडे पायरी असलेले प्रोजेक्टर इथे बसवले की ते समोरून येणाऱ्याला आंधळं करतात, पण विकत घेताना हे विचारतो कोण?

मग खरी अडचण आली. प्रोजेक्टर खोल असतो, दिवा मिटताना त्याची पाठ चौकटीला घासू लागली. ब्रॅकेटचं ड्रॉइंग करायचं काम माझ्याकडे आलं. शिवाय पॉप-अप दिवा दर वेळी वर येऊन नेमका त्याच जागी थांबला पाहिजे. तीस वर्षांच्या गाडीत तो जिथे टेकतो ते रबर झिजलेलं. दादाने विचारलं, "3 मिलिमीटरचा ढिलेपणा चालेल का? हिशेब करून सांग."

मी हॉस्टेलच्या गच्चीवर बसून हिशेब केला. तुम्हीही करून बघा. 7 इंची, म्हणजे 178 मिलिमीटरच्या दिव्यात 3 मिलिमीटर म्हणजे जवळजवळ 1 अंश. दिवा जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर आहे आणि रेघ नियमाप्रमाणे 1 टक्का खाली झुकवली आहे, असं धरा. म्हणजे 10 मीटरवर 10 सेंटिमीटर खाली. आता दिवा 1 अंश वर उचलला गेला तर रेघ खाली जायच्या ऐवजी वर चढू लागते, आणि 80 मीटरवर तिची उंची होते 1.2 मीटर. सिव्हिलवाल्यांना हा आकडा ओळखीचा असेल. रस्त्याची आखणी करताना ड्रायव्हरच्या डोळ्याची उंची नेमकी एवढीच धरतात! 3 मिलिमीटर ढिलं रबर, आणि उजेड थेट डोळ्यांत. दादाला मी रुबाबात सांगितलं, "चालणार नाही."

आणि हे सगळं सांगताना माझी स्वतःची बाईक खाली पार्किंगमध्ये, त्याच सातशे रुपयांच्या बल्बसकट! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बल्ब काढायचं डोक्यात होतं, पण सबमिशन होतं, मग ओरल होती, आणि खरं सांगायचं तर पांढरा उजेड मला आवडायचा.

फेब्रुवारीतल्या एका रात्री वर्कशॉपच्या मागच्या वळणावर मी येत होतो, मेसचे काका समोरून सायकलवर. माझा दिवा डिपरवरच होता. काकांना काही दिसेना म्हणून त्यांनी सायकल कडेला घेतली आणि चाक उघड्या गटारात गेलं. मनगट मोडलं. दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत मी शेजारी बसलो होतो. काका चिडले नाहीत. नुसते म्हणाले, "काय उजेड पाडलास रे बाळा!" सहा आठवडे त्यांना पीठ मळता आलं नाही. मावशींनी एकटीने किती पोळ्या लाटल्या, हे आपण सगळ्यांनी खाल्लंय. कुणामुळे, ते आज सांगतोय.

काही जण म्हणतील, गावाकडच्या रस्त्याला दिवे नाहीत, खड्डे आहेत, मध्येच गुरं बसलेली असतात, मूळ दिवा पुरत नाही. अगदी बरोबर! मलाही पुरत नाही. पण आधी काच पुसा, पिवळी पडली असेल तर बदला. जुन्या गाडीत वायरिंगमध्ये व्होल्टेज पडतं, रिले टाकून बघा, तोच बल्ब वेगळा वाटेल. दिवा कुठे बघतोय ते तपासा. एवढं करूनही हवाच असेल तर भिंग, पत्रा आणि डावीकडची पायरी असलेला पूर्ण दिवा घ्या, आणि तो आपल्या नियमात बसतो का ते आधी बघा. नुसता बल्ब टाकू नका. 2017 पासून नव्या दुचाकींचे दिवे कायम चालू असतात, म्हणजे चुकलेला दिवा आपण विझवूही शकत नाही.

सरांना एक विनंती आहे. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीसमोर 10 मीटरवर एक पट्टा आखून द्यावा, आणि भिंतीवर खडूने रेघ मारायची परवानगी द्यावी. प्रत्येकाने आपल्या दिव्याची उंची मोजायची, त्याखाली 10 सेंटिमीटरवर रेघ मारायची आणि स्क्रू फिरवायचा. खर्च शून्य. ऑटोमोबाइल लॅबमधले दोघे-तिघे शनिवारी उभे राहिले तर आठवड्याभरात अख्खं हॉस्टेल होईल. पहिला स्क्रू ड्रायव्हर मी आणतो.

दादाने नवं रबर बसवलं. परवा त्याने गॅरेजच्या भिंतीचा फोटो पाठवला, सरळ रेघ आणि उजवीकडे छोटीशी पायरी. दिवे वीस वेळा वर-खाली करून पाहिले म्हणे, रेघ हलली नाही. माझ्या बाईकला जुना पिवळा बल्ब परत बसलाय. थोडं हळू चालवावं लागतं. काका सायकलवर येतात तेव्हा आता हात वर करतात, पण डोळे झाकायला नाही, मला ओळखल्याचं सांगायला.

— अंतिम वर्ष, मेकॅनिकल