तोंडातला चट्टा आणि मजुराचा खाडा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार तोंडातल्या फोडासाठी खाडा करीत नाही. ‘तोंड आले आहे’ एवढ्या तीन शब्दांत त्याचे निदान आटोपते. वास्तविक साधा विकार आणि कर्करोगाची पूर्वखूण यांतला भेद संशयापुरता ओळखायला यंत्रे लागत नाहीत; उजेड आणि शिकलेली नजर पुरते.

साधे फोड दुखतात आणि आठ-पंधरा दिवसांत भरून येतात. टोकदार दाताची जखम दात बोथट केल्यावर बरी होते. बुरशीचा पांढरा थर पुसला जातो. परंतु तंबाखूची चिमूट दाबून धरतात त्या जागी उमटलेला, पुसून न जाणारा पांढरा चट्टा, त्याहून धोक्याचा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, सुपारी-गुटख्याने आखडत चाललेले तोंड, यांना रुग्णालयातली तपासणी हवीच. यांतले बरेचसे आरंभी दुखत नाही. आणि जे दुखत नाही त्यासाठी रोज बुडवणे गरिबाला परवडत नाही. उशिराच्या निदानाचे मूळ अज्ञानाइतकेच या हिशेबात आहे.

यावर उपाय अज्ञात नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर तोंडे तपासली. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांतले या रोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. केंद्र सरकारनेही २०१६ साली तिशीपुढील प्रत्येकाच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांपैकी जेमतेम एकाचे तोंड कधी तपासले गेल्याचे आढळले.

ज्या शहरात १९९८ पासून राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, तिथे तरी हे चित्र पालटायला हवे. गुटखाबंदी २०१२ साली झाली. पण बंदीने जुना चट्टा पुसला जात नाही. पाळी सुटताना कारखान्याच्या दाराशी आणि सिन्नरच्या बिडी कामगार वस्त्यांत तपासणी व्हावी, पुढील तपासणीच्या दिवसाची मजुरी मिळावी, आणि हे काम आशा सेविकांवर फुकट न लादता त्याचा मोबदला ठरावा. कामगार संघटनांनी बोनसाच्या मागणीपत्रात ही तीन कलमे घातली पाहिजेत. निदान वेळेवर होणे ही दयेची बाब नव्हे. तो मजुरीइतकाच हक्काचा प्रश्न आहे.