तीन कायदे आणि दोनच बाजू

राजकीय वादात कुणी ‘हे मान्य, पण ते अमान्य’ असे म्हटले की त्याची रवानगी ताबडतोब कुंपणावर होते. बारकावे पाहणारा भूमिका घ्यायलाच घाबरतो, असा हा आरोप. 2020चा केंद्राच्या तीन कृषी कायद्यांचा वाद आठवला तर हा आरोप टिकत नाही. बाजार समित्यांच्या बंधनातून शेतकऱ्याला मोकळे करा, ही शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची जुनी मागणी. म्हणून तिने या कायद्यांचे उघड स्वागत केले. विधेयके संसदेत आली त्याच सप्टेंबरात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा हीच संघटना त्याच सरकारविरुद्ध उभी राहिली. यात कुंपण कुठे आहे? तत्त्व एकच, व्यापाराचे स्वातंत्र्य. सरकारची दोन पावले मात्र परस्परविरुद्ध होती. पंजाबचा शेतकरीही मूर्ख किंवा फितूर नव्हता. त्याचा गहू आणि धान हमीभावाने, बाजार समित्यांतूनच सरकार विकत घेते. समितीबाहेर शुल्कमुक्त व्यापार सुरू झाला तर ही व्यवस्था हळूहळू पोखरली जाईल, ही त्याची भीती रास्त होती. उलट महाराष्ट्रात लासलगावच्या कांद्याला हमीभावच नाही, आणि राज्याने फळे-भाजीपाला 2016मध्येच नियमनमुक्त केला होता. एकाच तरतुदीचे दोन मुलखांत दोन अर्थ निघत होते. शिवाय कायद्यांचा आशय पटूनही, राज्यसभेत मतविभागणीची मागणी डावलून आवाजी मतदानाने त्यांतले दोन मंजूर करण्याची रीत कुणालाही नापसंत असू शकत होती. आपल्याकडे मात्र देशद्रोही आणि अंबानी-अदानींचे दलाल, एवढेच दोन रकाने शिल्लक राहिले.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: लढा घोषणेवर चालतो, तळटिपांवर नाही. खरे आहे. या कायद्यांविरुद्ध दिल्लीच्या सीमेवर थंडीत बसलेल्या शेतकऱ्यांकडून ‘पहिला रद्द करा, दुसरा दुरुस्त करा’ अशी घोषणा अपेक्षिणे निर्दयपणाचे ठरेल. पण ही सवलत आंदोलकाची. संपादक, प्राध्यापक आणि खासदार यांची नव्हे. दुसरा सूर असा की पूर्वी वाद सभ्य होते, समाजमाध्यमांनी सगळे बिघडवले. याच महाराष्ट्रात समाजसुधारक आगरकरांची प्रेतयात्रा त्यांच्या हयातीत निघाली होती, तेव्हा त्या सोनेरी काळाच्या गप्पा पुरेत. कटुता जुनीच आहे. विरोधकाचे म्हणणे नेमके काय, हे माहीत करून न घेताच त्याला झोडपण्याची प्रतिष्ठा नवी आहे.

याची किंमत कुणी मोजली? नोव्हेंबर 2021मध्ये तिन्ही कायदे संसदेत चर्चेविना रद्द झाले. कोणते कलम ठेवण्याजोगे होते, हा प्रश्न पटलावर आलाच नाही. कांद्याची निर्यातबंदी मात्र डिसेंबर 2023मध्ये पुन्हा लादली गेली.