मस्कतची बाटली चालते, मग पेडण्याची का नाही?

समजा, सावंतवाडीत लग्न आहे. आतेभाऊ मस्कतहून मोपा विमानतळावर उतरतो, हातात ड्युटी फ्रीची पिशवी, आत लीटरच्या दोन बाटल्या. त्याच लग्नाला पेडण्याहून मामा येतो, गाडीत काजूच्या फेणीची एकच बाटली, बिलासह. दोघांपैकी कायदा कुणाला अडवेल?

बहुतेक जण म्हणतील, कुणालाच नाही. बरोबर उत्तर ऐकून आमच्या घरात सगळ्यांचे चेहरे पडले होते.

दोन लीटरचा नियम कुठे संपतो?

परदेशातून भारतात येणाऱ्या प्रवाशाला सीमाशुल्क न भरता दोन लीटरपर्यंत दारू किंवा वाइन आणता येते. ही मर्यादा माणशी असते आणि दोघांच्या मर्यादा एकत्र करता येत नाहीत. म्हणजे बायकोच्या नावावर दाखवून चार लीटरचा एकच हिशेब, असं चालत नाही. दोन लीटरच्या वर गेलात तर स्पिरिटवरचं शुल्क साधारण १५० टक्क्यांच्या घरात जातं, मग बाटली तिथेच सोडलेली परवडते. विमान कंपन्यांचा नियम वेगळा. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली दारू चेक-इन बॅगेत माणशी पाच लीटरपर्यंत नेता येते, त्याहून कडक असेल तर अजिबात नाही. लोक हा पाच लीटरचा आकडा वाचतात आणि कस्टमचाही तोच असेल असं समजतात. गल्लत इथेच होते.

पण हे सगळं देशाच्या सीमेपुरतं. देशात आल्यावर दारू हा राज्यांचा विषय. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतली आठवी नोंद दारूचं उत्पादन, ताबा, वाहतूक, खरेदी आणि विक्री हे सगळं राज्यांकडे देते. ५१वी नोंद त्यावरचं उत्पादन शुल्कही राज्यांनाच देते. जीएसटी आला तेव्हाही पिण्याची दारू त्यातून बाहेर राहिली.

आणि महाराष्ट्राचा कायदा कोणता? महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. नाव चुकून वाचलेलं नाही. वाइन शॉपसमोर शनिवारी रांग लागते त्या राज्यात कागदावर आजही दारूबंदीच आहे आणि आपण सगळे परवान्याच्या अपवादाने पितो. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपयांना, वर्षाचा १०० ला आणि आजीवन १,००० ला. किती जणांच्या खिशात तो असतो, हे वाचकांनी स्वतःलाच विचारावं. याच कायद्याला १९५१ मध्ये बलसारा खटल्यात आव्हान मिळालं, सर्वोच्च न्यायालयाने काही कलमं वगळून तो टिकवला. १९६० नंतर गुजरातकडे गेलेला कायदाही हाच.

या कायद्यात 'आयात' म्हणजे परदेशातून आणणं नव्हे. सीमाशुल्क हद्द वगळून राज्यात बाहेरून आणणं म्हणजे आयात. पत्रादेवी ओलांडून बांद्यात आलेली फेणी त्यामुळे कायद्याच्या भाषेत आयात ठरते, आणि परवान्याशिवाय आयात हा गुन्हा. गंमत म्हणजे मस्कतच्या बाटल्यांनाही हेच लागू होतं. त्या गोव्यात उतरल्या, तिथून रस्त्याने महाराष्ट्रात आल्या. सीलबंद पिशवी आणि पावती असेल तर माल कुठला ते सिद्ध होतं, एवढंच. तो महाराष्ट्राचा परवाना होत नाही. म्हणजे वरच्या लग्नात कागदावर दोघंही अडकतात. प्रत्यक्षात ड्युटी फ्रीची पिशवी पाहून बहुतेकदा हात वर होतो आणि गाडी जाते. मामाचं तसं होत नाही.

गोव्याचं बिल म्हणजे परवाना नव्हे

हे मला शिकवलं आमच्या बाबांच्या आत्मविश्वासाने. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात पेडण्याहून परतत होतो. मामाने निघताना बाटली दिली, "आजोबांक घेवन जा" म्हणून. आजोबा थंडीत गुडघ्यांना फेणी चोळतात. पोटात किती जाते ते विचारायचं नसतं. बाबांनी दुकानाचं बिल जपून पाकिटात ठेवलं होतं. नाक्यावर (कुठल्या, ते जाऊ द्या) त्यांनी ते बिल विमानाच्या तिकिटासारखं पुढे केलं. समोरच्याने शांतपणे सांगितलं, साहेब, हे गोव्याचं आहे, तुम्ही महाराष्ट्रात आहात. बाटलीवर इंग्रजीत छापलेलंही दाखवलं, फक्त गोव्यात विक्रीसाठी. मग म्हणाला, केस करू की मिटवू?

मिटलं. बाटली तिथेच राहिली, पावती नाही, पंचनामा नाही. घरी येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत.

मला राग बाटलीचा नाही. कायद्यानुसार केस झाली असती तर गाडीही जप्त होऊ शकली असती, कारण दारू वाहून नेणारं वाहन सरकारजमा करण्याची तरतूद त्यात आहे. एका बाटलीसाठी अख्खी गाडी पणाला लागते, तेव्हा 'मिटवू' हा शब्द आपोआप स्वस्त वाटतो. मी शिकलो इंजिनीअरिंग. तिथे ज्या यंत्राला दोनच स्थिती असतात, पूर्ण बंद किंवा पूर्ण चालू, त्याला मधली जागा कुणीतरी हाताने तयार करतं. नाक्यावर ती जागा तयार झालेली आहे.

सरकारचं म्हणणं पोकळ नाही

तस्करी खरी आहे. गोव्यात कर कमी, त्यामुळे तीच दारू तिथे स्वस्त. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. १८० मिलीची किमान किंमत २०५ रुपये झाली. त्यातून वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल अपेक्षित धरला गेला. किमतीची दरी वाढली की ट्रकवाल्याचा नफाही वाढतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री शंभूराज देसाई यांनी २०२२ मध्ये गोव्याची दारू आणणाऱ्या सराईतांना मकोका लावण्याचा इशारा दिला होता, तोही याच पार्श्वभूमीवर. आणि ज्या बायकांनी गावात बाटली आडवी केली, त्यांना सीमेवरून येणाऱ्या दारूची भीती वाटते, ती मी हसण्यावारी नेणार नाही.

पण ट्रकमधले शेकडो बॉक्स आणि मामाची बाटली यांना एकाच कलमाने मोजलं की पकडायला सोपी बाटलीच ठरते.

सिंधुदुर्ग आणि उत्तर गोवा यांच्यातली रेष नकाशावर ठळक आहे, घरात नाही. दोडामार्गची मुलगी डिचोलीत दिलेली असते, सावंतवाडीचा मुलगा रोज गोव्यात कामाला जातो, घरचा पेशंट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात असतो. आमच्याकडचे काजूचे बोंडू टेम्पो भरून गोव्यातल्या भट्ट्यांवर जातात, त्यांना कुणी अडवत नाही. त्याच बोंडूंची फेणी होऊन परत आली की गुन्हा. काजू फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणून ती दुसरीकडे बनवून 'फेणी' म्हणताही येत नाही. मार्च ते मेमधली हुर्राक तर टिकतच नाही. बिनलेबलच्या प्लास्टिकच्या बाटलीत नातेवाईक देतात, बिलाचा प्रश्नच नाही.

माझं म्हणणं साधं आहे. प्रवाशासाठी ठरावीक मर्यादा कायद्यात लिहा. सीलबंद, बिल असलेली, माणशी एक बाटली म्हणा हवं तर. दोन राज्यांच्या करांतला फरक मोबाइलवरून भरून घ्या, पावतीवर क्यूआर कोड द्या. वय आपलंच धरा: गोव्यात १८, महाराष्ट्रात कडक मद्यासाठी २५, तेव्हा २५ च्या खालच्या भाच्याला सवलत नको. मर्यादेच्या वर एक थेंब सापडला तर खुशाल केस करा. एका दिवसाचा पाच रुपयांचा परवाना देणाऱ्या सरकारला हे जमणार नाही असं नाही.

महसूल बुडेल म्हणाल, तर आज नाक्यावर राहिलेल्या त्या बाटलीचा किती महसूल तिजोरीत गेला?

हे होईपर्यंत काय करायचं, असं ऑफिसात दोघांनी विचारलं, विशेषतः मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी. गोव्यातला दुकानदार 'दोन बाटल्यांना काही होत नाही' म्हणाला तरी त्याचं ऐकू नका, तो नाक्यावर तुमच्यासोबत नसतो. ड्युटी फ्रीचा माल असेल तर पिशवी फोडू नका, पावती आणि बोर्डिंग पास जवळ ठेवा. तिकडेच प्यायची असेल तर मुक्काम करा. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा दोन्ही राज्यांत गुन्हाच आहे.

मामाला यंदा आम्ही आधीच फोन केलाय. बाटली तिकडेच ठेव, आजोबांनाच घेऊन येतो म्हटलं, दोन दिवस राहायला. आजोबा तयार आहेत. गुडघ्यांचं कारण त्यांना आता पुरतंय.